सत्तावीस नंबरच्या खोलीतला धूर

रतन कळशी कमरेवर घेऊन बोळातून वळली आणि थेट एका माणसाच्या पाठीवर आदळली. पाठ त्याची, दार तिचं; आता चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. कळशीतलं निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर गेलं, थोडं हातातल्या वहीवर. वहीतली लाल शाई पसरली तसा तो वळला. रागावणारच होता बिचारा, तोंडही उघडलं होतं... पण समोर ही उभी. श्रावणातली सर नुकतीच सरलेली, कपाळावर ओले केस, आणि रागावायचं काम तिच्या डोळ्यांनी आधीच सुरू केलेलं.

"आमच्या दारात उभं राहून काय लिहिताय?"

"चिठ्ठी," तो म्हणाला. "दुसरी. खोली नंबर सत्तावीस, पंढरी शेलार. विडी ओढणे."

रतननं कळशी खाली ठेवली.

ही त्रेपन्न सालची गोष्ट. लढाईच्या दिवसांत सोल्जरांसाठी उठवलेल्या शहाडकडच्या लाकडी बराकी सरकारनं मागाहून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. मधे फळ्या ठोकल्या की झाली खोली. भिंती लाकडाच्या, छपराला डांबर. आदल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी विडीनं एक अख्खी बराक जळून गेली होती. तेव्हापासून नियम निघाला की खोलीत तंबाखूचा धूर करायचा नाही. एक चिठ्ठी, दुसरी चिठ्ठी, आणि तिसरीला खोली खाली करायची. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. ती जळकी बराक ज्यांनी पाहिली, त्यांतलं कुणीच म्हणणार नाही.

पण गंमत अशी, की रतनच्या बापानं जन्मात विडी ओढली नव्हती. पंढरी शेलार तालमीतला गडी. वस्तादापुढं शपथ घेतलेली. विडीचा वास आला तरी गिरणीतल्या आपल्या साच्यापासून चार पावलं दूर जाऊन उभा राहायचा. खोलीत धूर व्हायचा तो तिच्या आईचा. रंगूबाईला मशेरी लागायची. बाजारातल्या मशेरीत माती असते म्हणून ती घरीच तंबाखू आणून शेगडीवर तव्यात काळीभोर भाजायची. मग पाटावर चुरायची, डबीत भरायची, आणि दातांना लावून डोळे मिटून बसायची. बाकीचे दिवस ती हे बराकीमागच्या मैदानात करी. पण पाऊस लागला की शेगडी कुठं न्यायची?

रतननं हे सगळं जिभेच्या टोकावर आणलं आणि गिळलं. आईचं नाव सांगितलं तरी चिठ्ठी खोलीलाच. मग सांगून उपयोग काय? ती एवढंच म्हणाली, की माझे वडील विडी ओढत नाहीत.

"मग कोण ओढतं? तुम्ही?"

"हो, मी ओढते. लिहा."

तो हसला. हसताना त्याची मान एका बाजूला कलायची, हे रतनच्या तेव्हाच लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

सुधीर राणे त्याचं नाव. हौसिंगच्या ऑफिसात हंगामी तपासनीस. मूळचा कोकणातला, डोंबिवलीत मामाकडे राहायचा. घरात नुसत्या बायका असल्या तर परक्या पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही, ही आपली रीत, आणि सुधीर रीतीचा माणूस. दाराकडे पाठ करून उभा राही, वास घेई आणि लिही. तंबाखूचा वास म्हणजे विडी, विडी म्हणजे घरातला पुरुष. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. कोकणातल्या त्याच्या आईला मशेरीची सवय नव्हती, त्याला तो बिचारा तरी काय करणार.

संध्याकाळी पंढरी कामावरून आला. रतननं चिठ्ठी पुढं केली. त्यानं वाचली आणि खाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत सही केली. पहिल्या चिठ्ठीवरही अशीच केली होती. गिरणीत ही गोष्ट पोचली होती, पैलवान चोरून झुरके मारतो म्हणून पोरं हसत होती.

"भाऊ, खरं का सांगत नाही?" रतननं विचारलं. बापाला ती भाऊच म्हणायची.

"लाल शाईत तुझ्या आईचं नाव लिहून दारावर डकवतील ते," पंढरी म्हणाला. "माझं असू दे."

आत रंगूबाईनं ऐकलं. ती तीन दिवस मशेरीशिवाय राहिली. चौथ्या दिवशी डोकं बांधून पडली, पोट साफ होईना, भांडी आपटायला लागली. रतनला आईची कीवही यायची आणि गळा धरावासाही वाटायचा. खोली गेली तर बापाची नोकरी असून नसल्यासारखी, कारण कल्याणात दुसरी खोली या पगारात मिळत नव्हती. रतन बालवर्गाला शिकवत होती, ते सुटणार. आणि गावाकडं आत्यानं एक बिजवर हेरूनच ठेवला होता. गावी पाय ठेवला की महिन्याच्या आत रतनच्या कपाळाला मुंडावळ्या.

पुढच्या मंगळवारी सुधीर पुन्हा आला. लिहायला नव्हे. हातात एक पातळ, पिवळं पुस्तक होतं, भाडेकरूंच्या नियमांचं. नियम माहीत असलेले बरे, असं काहीतरी तो पुस्तकाकडे बघूनच पुटपुटला. मग रोज येता-जाता विचारू लागला, कितव्या पानावर आलात?

"चौथ्या. ओट्यावर कोंबडी पाळू नये."

"पाळता?"

"पाळणार होते. आता तुम्ही आडवे आलात."

दुसऱ्या दिवशी सहावं पान, तिसऱ्या दिवशी नववं. चोवीस पानांचं पुस्तक, एका बैठकीत संपेल असं. पण दोघांनीही ते पुरवून पुरवून वाचलं. तो नळापाशी थांबायचा, ती बादली भरून झाली तरी उचलायची नाही. एकदा भुरभुर पाऊस आला. त्यानं छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली, स्वतः भिजत उभा राहिला. ती म्हणाली, अर्ध्या छत्रीत यायला नियमाची बंदी आहे का? तो म्हणाला, पुढच्या पानांवर बघावं लागेल... आणि कानापर्यंत लाल झाला.

चौदाव्या पानावर रतन थांबली.

तिथं लिहिलं होतं: तपासनीसानं धूर करणारा इसम खोलीत जाऊन प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चिठ्ठी देऊ नये, दिल्यास ती रद्द समजावी व तपासनीसास जबाबदार धरावे. तिनं ते तीनदा वाचलं. सुधीर उंबऱ्याच्या आत कधी आलाच नव्हता. दोन्ही चिठ्ठ्या खोट्या होत्या. साहेबापुढं हे पान उघडलं की खोली वाचत होती, आणि हंगामी माणसाची नोकरी जात होती. त्या रात्री रतनला जेवण गेलं नाही.

"कितवं पान?" सुधीरनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"बारावं," ती म्हणाली.

त्याच्या दुसऱ्याही दिवशी तिनं बारावंच सांगितलं. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

शनिवारी सकाळपासून आभाळ फाटलं होतं. रतन बालवर्गातून घरी आली तर खोलीभर निळा, कडू धूर. रंगूबाई तव्यावर झुकली होती, डोळ्यांत पाणी. धुराचं की कशाचं, देव जाणे. "एवढी एकच डबी," ती म्हणाली, "मग सोडते. तुझी शपथ." रतननं तवा ओढला, पण उशीर झाला होता. फळीपलीकडे अण्णा मास्तर राहायचे, त्यांच्या बायकोला दम्याचा त्रास. ती खोकून खोकून निळी पडली होती. मास्तर भला माणूस. दोनदा त्यांनी सोसून घेतलं होतं. आज ते छत्री घेऊन थेट ऑफिसात गेले. त्यांना दोष कसा द्यायचा?

तासाभरात साहेब आला. मोठ्या अंगाचा, चष्म्यातून बघणारा. मागं वही घेतलेला सुधीर, चेहरा पांढरा. दुपारची पाळी सोडून पंढरीही धावत आला होता. बोळात माणसं जमली. साहेबानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वही उघडली आणि वाचून दाखवलं की पंढरी शेलार यांना विडी ओढल्याबद्दल दोन चिठ्ठ्या झाल्या आहेत, आज तक्रार आली आहे, तिसरी देतो, आठ दिवसांत खोली खाली करावी. मग त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का.

रतनच्या हातात पिवळं पुस्तक होतं. बोट चौदाव्या पानात. पंढरी मान खाली घालून उभा, एवढा धिप्पाड माणूस, आणि बोळातली पोरंसुद्धा त्याच्याकडे बघून कुजबुजत होती. रतननं तोंड उघडलं. समोर सुधीर होता. त्यानं पुस्तक पाहिलं, बोट पाहिलं, आणि हळूच मान हलवली. नको म्हणून नव्हे... हो म्हणून. बोल, असं तो सांगत होता. आणि त्याच्या त्या मान हलवण्यानंच तिनं पुस्तक मिटलं. बाप इकडे, हा तिकडे, आणि मधे ती. एवढा वेळ आपण याच्याशी नुसतं हसतबोलत होतो असं तिला वाटत होतं. तसं नव्हतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि हे कळायला नेमकी हीच घटका मिळाली होती.

"साहेब," सुधीर म्हणाला, "या दोन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. मी खोलीत गेलो नाही, कुणाला ओढताना पाहिलं नाही. नुसत्या वासावर लिहिलं."

साहेबानं चष्मा काढला. "नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता. आत बायका होत्या. मला संकोच वाटला."

तेवढ्यात रंगूबाई पदर खोचून दारात आली, हातात अजून गरम तवा. "आता बघा पिरत्यक्ष," ती म्हणाली. "मी मशेरी भाजते. ह्यांनी उभ्या जन्मात विडी शिवली न्हाई. माजं नाव लिवा, लाल शाईत लिवा, आन् लावा दारावर." पंढरीनं पहिल्यांदा मान वर केली. मग ती मास्तरांकडे वळली आणि म्हणाली, की वहिनींच्या पाया पडायला येते.

साहेब कडक होता, पण सरळ होता. दोन चिठ्ठ्या त्यानं खोडल्या, एक नवी रंगूबाईच्या नावानं लिहिली. पहिली. खोली राहिली. मग वही मिटून तो सुधीरला म्हणाला, की तुमचं काम महिनाअखेर संपलं असं समजा.

महिनाअखेर यायला अकरा दिवस होते. ते अकरा दिवस सुधीर बराकीकडे फिरकला नाही. रंगूबाई बाजारची मातीवाली मशेरी लावायची आणि थुंकताना ऑफिसच्या दिशेनं चार शब्द बोलायची. रतन नळावर जायची, बादली भरायची, लगेच उचलायची. आई-बाप काय समजायचं ते समजले होते. पंढरी एवढंच म्हणाला, की माणूस खरा आहे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो आला. शेवटचं काम म्हणून खोल्यांची कार्डं तपासत होता. प्रत्येक खोलीचं एक कार्ड, त्यावर तिथं राहणाऱ्यांची नावं. या वेळी त्यानं बाहेरूनच विचारलं, आत येऊ का? आणि उंबरा ओलांडून आला. पंढरीनं त्याला पाट दिला.

रतन म्हणाली, "चौदावं पान माहीत असून पुस्तक दिलंत?"

"दुसरं काय घेऊन आलो असतो?" तो म्हणाला. "फुलं आणली असती तर तुमच्या भाऊंनी उचलून आपटलं असतं." पंढरी खोकला.

मग त्यानं कार्ड वाचलं. पंढरी शेलार, रंगूबाई, रतन. तीन माणसं, बरोबर? तो थांबला. तिच्याकडे न बघता म्हणाला, की उद्यापासून त्याला नोकरी नाही, खोली तर कधी नव्हतीच. मामाच्या घरात ओटीवर अंथरूण आहे. ठाकुर्लीला एका जागी अर्ज केला आहे, लागेल, न लागेल. म्हणून विचारायचं होतं ते विचारत नाही. निघतो.

रतननं त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. कार्ड ओढलं, आणि आई-बापासमोर आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली.

सुधीर त्या रेघेकडे बघत राहिला. "असं... असं चालत नाही," तो कसाबसा म्हणाला. "मुलीचं नाव लग्न झाल्यावरच कमी करता येतं."

"मग ही रेघ पुसू नका," रतन म्हणाली. "लग्न लवकर करा."