तासिका तत्त्वावर

प्रफुल मला भेटला तो एका अस्वलामुळे.

एप्रिलमधली सकाळ होती. चंद्रपूरहून मूलला जाणारी एसटी जंगलातल्या वळणावर एकदम थांबली, आणि सगळे प्रवासी माझ्या बाजूच्या खिडक्यांवर कोसळले. रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली एक अस्वल निवांत फुलं खात बसलं होतं. तो गोड, जड वास पार बसमध्ये भरला होता.

"थोडं सरकता का, मॅडम? मले काहीच दिसून नाई राह्यलं."

वळून पाहिलं, तर चष्मा कपाळावर चढवलेला एक मुलगा.

"चष्मा डोळ्यांवर घेतला तर दिसेल," मी म्हटलं.

तो हसला. चष्मा खाली आला. पण पाहत होता तो... जाऊ दे.

"आता झिंगते हे अस्वल," तो म्हणाला.

"ताज्या फुलात दारू नसते. नुसती साखर. आंबल्यावर दारू."

"बॉटनी?"

"हो. तुम्ही?"

"फिजिक्स. तासिका तत्त्वावर."

"मीपण!" आणि आम्ही दोघंही खळखळून हसलो. मूलच्या दोन वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवत होतो, पण दुखणं एकच. जेवढे तास घेतले तेवढाच पगार, सुट्ट्यांत तोही नाही.

जूनमध्ये कॉलेजं उघडली आणि बसमधली शेजारची जागा आपोआप त्याची झाली. मी भद्रावतीहून चंद्रपूरला येईपर्यंत तो स्टँडवर चहा संपवून उभा असायचा. मग मूल येईपर्यंत गप्पा... काहीही. धानाच्या बांध्यांतल्या पाण्यात आभाळ कसं उतरतं, मोहाला पानांआधी फुलं काऊन येतात.

"पान नाही म्हणजे कमाई नाही," तो म्हणायचा. "मग फुलायचा खर्च कुठून करते?"

"साठवलेल्यातून."

"आपल्याले नाई जमणार बाप्पा! आपल्याजवळ साठते कुठी?"

"काय नाही जमणार? फुलणं?"

त्याचे कान लाल व्हायचे. मला ते फार आवडायचं.

हिवाळ्यातली एक संध्याकाळ तर अजून तशीच डोळ्यांसमोर आहे. परतीची बस, बाहेर अंधारून आलेलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि लक्षात आलं, काचेत तो माझ्याकडेच पाहतोय.

"काय पाहताय, सर?"

"बाहेर अंधार, आत दिवा असला का काचेचा आरसा होते," तो गडबडला. "मी... फिजिक्स पाहून राह्यलो होतो."

"मग कसं आहे फिजिक्स?"

"सुंदर," तो म्हणाला, आणि चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

उन्हाळ्यात मला डेहराडूनची फेलोशिप मिळाली. जंगलावरच संशोधन, हातात दरमहा पैसे. ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली ते समोर आलं, आणि मी रडकुंडीला आले. प्रफुलला सांगितलं तेव्हा त्याने आधी सगळ्या बसला पेढे वाटले. माझा रागच अनावर झाला.

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटते ना."

"मग थांब म्हण की!"

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "मी थांब म्हणलं तर तू थांबशील, सरिता. म्हणूनच नाई म्हणत." पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. "माझी नोकरी ही अशी... कोणत्या तोंडानं काही मागू?"

जायच्या दिवशी चंद्रपूर स्टेशनवर आईबाबा सोडायला आले होते. गाडी लागली, सामान चढलं, आणि प्रफुल धावत जिन्यावरून उतरताना दिसला.

"जय भीम, काका," तो धापा टाकत म्हणाला.

"जय भीम," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

त्याने 'सोबत बसने जातो' असं काहीतरी सुरू केलं. मी दारातच उभी होते. गाडी सुटायला आली होती, आणि मला एकदम कसलीच भीती वाटेनाशी झाली.

"बाबा, हा प्रफुल. शिक्षण संपवून आले की मी याच्याशी लग्न करणार आहे."

आई पाहतच राहिली. बाबाही. पण सगळ्यात जास्त दचकला तो प्रफुल. त्यालाही हे तेव्हाच कळत होतं ना!

"काय करता तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"शिकवतो, काका. तासिका तत्त्वावर."

"म्हणजे पक्की नाई."

"नाई."

शिट्टी झाली. गाडी हलली. मी वाकून पाहिलं... बाबा बाकावर बसले होते, आणि बाजूची जागा थोपटून त्याला बस म्हणून सांगत होते. मग फलाट संपला.

पुढे माझी पीएचडी झाली, दोन-तीनदा मुलाखती देऊन त्याची नोकरी पक्की झाली, लग्न झालं. हे सगळं झालं खरं, पण त्या दिवसांची आठवण निघाली की मला आठवतो तो त्याच दिवशी गाडीत आलेला त्याचा फोन. वरोरा मागे पडलं होतं, आवाज तुटत होता.

"काय म्हणाले बाबा? लवकर सांग!"

"म्हणाले, ही पोरगी लहानपणापासून अशीच. एकदा ठरवलं का ठरवलं, कोणाले विचारत नाई. आमचं आयुष्य गेलं यात. तुले जमेल का?"

"मग? तू काय म्हणालास?"

पलीकडे तो हसला.

"मी म्हणलो, सवय होऊन राह्यली, काका."