माशाच्या शेपटीचा घोडा

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोस्ताची गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडायची? पण राहवलं नाही.

दोस्त सुतार. बागेतल्या गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांची डागडुजी त्याच्याकडे. अकरा घोडे धड, बारावा मात्र पुढून घोडा, मागून मासा! पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. एका दुपारी एक मुलगी आली आणि डबा घेऊन थेट त्याच्यावरच बसली.

"अहो, घोडे बंद आहेत..."

"मी कुठे म्हटलं चालू करा?" ती हसली. "याचं नाव माहितीय? हिप्पोकॅम्पस. जुन्या ग्रीक गोष्टींत हा समुद्रदेवाचा रथ ओढायचा."

"रथ? याला एक पोरगं ओढवत नाही!"

ती मेडिकल कॉलेजात मेंदूचे पातळ काप काचेवर लावायची. म्हणाली, "समुद्रात बोटभर घोडामासा असतो ना, त्याचंही नाव हेच. आणि इथं आत..." तिनं कानावर बोट टेकवलं, "दोन्हीकडे एकेक, त्या माशासारखा वळलेला. नव्या आठवणी आधी त्याच्याकडे जातात."

सुतार त्या कानाकडे बघतच राहिला.

मग ती रोज येऊ लागली. अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. आणि तेवढ्यात बागेच्या साहेबांचं फर्मान आलं — शेपटी कापा, पाय लावा, सरळ घोडा करा!

सुताराला एकच धास्ती. शेपटी गेली तर ती कशाला येईल? मग रोज नवी थाप. गोंद ओला आहे, करवतीला धार नाही... असे तीन आठवडे!

"बोलून टाक ना लेका," मी म्हणायचो.

"तोंडातून शब्द फुटला तर ना!"

शेवटी साहेब तडकले. त्या दुपारी सुतारानं तिच्यासमोरच करवत उचलली... आणि हात थबकला.

"काप ना. थांबलास कशाला?"

"तुझा हिप्पो... जाईल. मग तू..."

ती खाली उतरली. शेपटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "वेडा आहेस का? आमच्या कॅन्टीनला पंखा आहे, टेबल आहे. भर उन्हात मी काय लाकडासाठी येते?"

"मग... कशासाठी?"

"आता तेही मीच सांगू?"

"नको. मी सांगतो..."

काय सांगितलं, ते मलाही सांगत नाही. एवढंच कळलं की आयुष्यात पहिल्यांदा त्याची करवत वाकडी गेली, आणि ती म्हणाली, "असा काप मी केला असता तर घरी पाठवलं असतं मला!"

रविवारी तिच्या आईला भेटायला जायचंय. "तू चल सोबत," तो म्हणाला, "पण थट्टा केलीस तर बघ!"

शब्द दिलाय त्याला. वाटेत हवी तेवढी करीन... तिच्या दारात मात्र तोंडाला कुलूप.