गुसलाचं दार

दाराबाहेर

“भाभी, दार उघड! माझी अम्मा हाय ती... तिला शेवटचं पाणी मी घालणार!”

कुपवाडहून धावतपळत आलेली अकिला दोन्ही मुठींनी न्हाणीचं दार बडवत होती, आणि आतून कडी लावून, दाराला पाठ टेकून उभ्या असलेल्या हमीदाला वाटत होतं, ही एकेक थाप आपल्या काळजावरच पडतेय... मेलेल्या बाईला गुसल घालायचं, शेवटची आंघोळ घालायची, तर पहिला मान लेकीचा. उंब्रजमधल्या कितीतरी बायकांची मय्यत न्हाऊ घातलेल्या हमीदाला हे का ठाऊक नव्हतं! पण दमा विकोपाला जाऊन दवाखान्यात नेलं त्या दुपारी सासूनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. “मला तूच धू, हमीदा. एकटीनं. अकिलाला आत घिऊ नगं... आन् का, ते कुणाला सांगू नगं.”

“अकिला,” हमीदा दाराआडून म्हणाली, “तोंड दाखवते तुला. पर आत न्हाई घेत.”

“का? काय केलंयस तू माझ्या अम्माचं?”

बाहेर जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली... आणि ती कुजबुजच हमीदाला जास्त लागली.

दाराआत

बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी होतं, कापूर होता, अंगावर झाकलेली चादर होती. त्या चादरीखाली हमीदाच्या हातांना जे कळलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही; म्हणून ते इथंही नाही.

एवढंच, की त्यात कुणाचा गुन्हा नव्हता, कुणाचं नुकसान नव्हतं. ते नुसतं अम्माचं होतं. एका बाईनं जन्मभर पदराआड जपलेलं, लेकीच्या नजरेला कधीच पडू नये म्हणून... हमीदानं कापूर लावला, कफनाच्या गाठी बांधल्या आणि तोंडापुरतं कापड बाजूला सारून मग कडी काढली.

ग्रुपवर

मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवणही झालं नव्हतं तोवर फॅमिली ग्रुपवर अकिलाचा आवाज आला. “अम्माच्या अंगावर काय हुतं ते भाभीनं सगळ्यांसमोर सांगावं. औषधपाण्याची आबाळ झाली आसंल, तेच झाकलंय तिनं!”

सगळ्या नातेवाइकांनी तो ऐकला. कुणी रडका चेहरा टाकला, कुणी नुसतं प्रश्नचिन्ह. जिनं रात्रंदिवस सासूचं वाफेचं मशीन धरलं, जिनं तिच्या खोकल्याच्या एका ठसक्याला अंथरूण सोडलं, तिच्या बाजूनं एक अक्षर आलं नाही!

हायवेवरचं टायरचं दुकान बंद करून आलेला तिचा नवरा दस्तगीर त्या दिवशी ताटावर बसलाच नाही.

“एक वाक्य बोल गं. मी तिचा ल्योक हाय. मला तरी सांग!”

“ल्योक हाय म्हणूनच तुमाला न्हाई.”

“लोक इचारत्यात मला, बायकूच्या तोंडाला कुलूप का म्हणून!”

“सांगा, किल्ली अम्मा घिऊन गेली.”

दस्तगीरला राग आला, आणि हसूही आलं, आणि त्या हसण्यावरच त्याला जास्त राग आला.

तो झोपायला गेल्यावर हमीदानं फोन घेतला. ‘अम्माच्या’ एवढं लिहिलं... पुढचे दोन शब्द लिहिले असते तर त्याच क्षणी ती निर्दोष ठरली असती! पण ज्यानं दुसऱ्याचं झाकलं त्याचं अल्लाह झाकतो, असं सांगत तिच्या आईनं तिला हे काम शिकवलं होतं. आणि झाकणं सोपं जातं असं आईनं कधीच सांगितलं नव्हतं. तिनं लिहिलेलं पुसलं.

पुढं अकिलाच्या लेकीचा, अस्माचा निकाह ठरला. ज्या पोरीला हमीदानं मांडीवर घेऊन अलिफ-बे शिकवलं, तिच्या निकाहाचा निरोप एकट्या दस्तगीरला आला. ‘भाभीनं तोंड उघडलं तरच तिनं यावं.’ हमीदानं त्याचा कुर्ता इस्त्री केला, अस्मासाठी शिवलेला हिरवा दुपट्टा पिशवीत घातला, ‘माझं नाव सांगू नका’ म्हणाली, आणि त्याची गाडी वळणाआड गेल्यावर रिकाम्या घरात भिंतीला धरून रडली... मोठ्यानं!

समोरासमोर

मग एका दुपारी अकिलाच उंबऱ्यात उभी. डोळे सुजलेले, पायात दोन जोडांतल्या दोन चपला.

कुपवाडला तिची सासू वारली होती. गुसल घालणारी बाई पलूसला लेकीकडं गेलेली, नणंदा अजून वाटेत, म्हणून थोरली सून या नात्यानं तिलाच आत जावं लागलं होतं.

“भाभी... मी चादरीखाली हात घातला, आन्...” ती थांबली. “भाईर नणंदा दार वाजवीत हुत्या. आमाला आत घ्या, आमाला बघू द्या...”

“मग?”

“मी कडी लावली. नंतर म्हणलं, तोंडावर नूर हुता, तेज हुतं. बास. नणंदा मला नाय नाय ते बोलल्या, आन् मला तूच दिसाय लागलीस गं! मी किती बोलले तुला... सगळ्यांदेखत!” ती हमीदाच्या पायाशी कोसळली.

“ऊठ आधी. पायाला हात लावू नगं.”

“अम्माचं काय हुतं, ते मी कवाच इचारणार न्हाई.”

“इचारलंस तरी कोण सांगतंय!”

रडता रडता अकिलाला हसू फुटलं. तिनं तिथंच फोन काढला, ग्रुप उघडला. “मी अकिला बोलते. भाभीनं अम्माची अमानत राखली. मी तिच्यावर आळ घेतला. चूक माझी हाय. तिनं मला माफ करावं.” तेवढं बोलून तिनं फोन उपडा टाकला आणि हमीदाला मिठी मारली. किती काळ कोरडं पडलेलं हमीदाचं काळीज जणू त्या मिठीनं भरून आलं!

जरा वेळानं अकिला तिच्या कानाशी आली. “भाभी, लय जड झालंय मला. झोप न्हाई. तू तर आपल्यातलीच, तुला एकटीला सांगते... माझ्या सासूच्या...”

हमीदानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

“मला बी न्हाई.”

तळहाताखाली अकिलाचे ओठ थरथरले. शब्द पुढं आला, थबकला... आणि तो परत आत गेल्याचं कळेपर्यंत हमीदानं हात काढला नाही.