हवेत बसलेली बाई

"एका चित्रावरून डॉक्टरांनी मला वेडी ठरवलंय," वालेरी होफश्टेटर म्हणाली. "उद्या नवऱ्याच्या अर्जावरून न्यायाधीश माझ्या दोन वर्षांच्या टोनीला सासूकडे पाठवतील. चित्र काढताना टोनी माझ्याजवळ होता, नवराही मागून आला होता. तो म्हणतो, हाही माझा भ्रम."

व्हिएन्नात खासगी तपास करणाऱ्या आदेले प्रोहास्काबाईंनी काच लावलेलं ते चित्र खिडकीशी नेलं. कोऱ्या कागदावर कोळशाने काढलेली वालेरी. मान पिळवटलेली, डोळे विस्फारलेले, बोटं पोटाशी आकड्यांसारखी वळलेली. खाली चार इवले, पुसट फराटे.

"अंगावर काटा येतो बघून," त्यांचे सहकारी, निवृत्त ट्रामवाले फेर्डलकाका पुटपुटले. "डॉक्टरांचं काय चुकलं?"

"काका, तुम्ही कॉफी प्या."

ते चित्र काढणाऱ्या मारेकच्या भिंतीवरच्या एका चित्रात एक जाडे बँकवाले हवेत बसले होते. शेजारच्या चित्रात एक वादक रिकाम्या हवेला मिठी मारून.

"ह्यांची खुर्ची कुठाय?" काकांनी विचारलं.

"मी सामान काढत नाही. माणसाचं मन काढतो."

"त्या दिवशी सोबत कोण होतं?"

"आठवत नाही." मारेकने नजर चुकवली. वालेरीचा नवरा होफश्टेटर म्हणजे त्याचं मोठं गिऱ्हाईक.

"कोळसा पुसला जात नाही का?" प्रोहास्काबाईंनी विचारलं.

"बैठक संपली की लगेच लाखेचं पाणी फवारतो. मग हात लावला तरी काही होत नाही."

होफश्टेटर तर भेटताच गुरकावले. "टोनी गावी होता, मी कचेरीत. ती एकटी गेली, आणि तिचं खरं रूप कागदावर उतरलं."

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर प्रोहास्काबाईंनी चित्र ठेवलं.

"हे खालचे चार फराटे लाखेच्या थराखाली आहेत. म्हणजे त्याच दिवसाचे. बोटं दोन वर्षांच्या पोराची. मारेक खुर्ची वगळतात, वाद्य वगळतात, तसं मांडीवरचं मूलही वगळलं. ते तिथे आहे असं समजून हे हात बघा. मूल घट्ट धरलंय, कारण कुणीतरी ओढतंय. लेकरू हिसकावताना आईचा चेहरा शांत राहायला हवा होता का? ह्याला तुम्ही वेड म्हणता, आणि डॉक्टर त्यावर सही करतात?"

सगळे मारेककडे बघू लागले.

"ओढत होते ते होफश्टेटर साहेबच," तो खालमानेने म्हणाला. "झटापटीत पोराचा हात कागदाला लागला."

न्यायाधीशांनी होफश्टेटरांचा अर्ज फेटाळला. मारेकने हळूच विचारलं, "बाई, मूल काढून देऊ चित्रात?"

"नको." वालेरीने नवऱ्याकडे बघत टोनीला कडेवर घेतलं. "चित्र ह्यांनाच राहू द्या. त्यात मूल नाहीये."