फियाटचा जुना आवाज

त्या संध्याकाळी हॉर्न वाजला नाही.

भागूबाई शेडच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आतून हॉर्न वाजला की शटर वर करायचं, हे तिचं रोजचं काम. आत काकासाहेब म्हस्के आपल्या फियाटमध्ये बसून फेरीला जायचे. फेरी संपली की हॉर्न द्यायचे, मग भागूबाई त्यांना उतरवून चहाला न्यायची. गाडी जागची हलत नसे. काकासाहेबांनी नुकतीच ऐंशी गाठली होती आणि त्यांच्या स्मृतीची पार चाळण झाली होती. बायको वारली हे त्यांना आठवत नव्हतं, आपण जेवलो का हे आठवत नव्हतं. पहिला गिअर कुठे पडतो हे मात्र हाताला पक्कं ठाऊक होतं.

इंजिन घरघर करत बंद पडलं. भागूबाईने वाट पाहिली, मग हाक मारली, मग शटर उचललं. धुराचा लोट तिच्या अंगावर आला.

काकासाहेब दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. गाल गुलाबी, चेहरा टवटवीत. ते मेलेत हे तिला पटायलाच वेळ लागला.

भिंगारच्या त्या गल्लीत तासाभरात गर्दी जमली. "चेहऱ्यावर काय तेज होतं! आनंदात गेले," बायका म्हणाल्या. "सुंठीवाचून खोकला गेला," असंही कुणीतरी हळूच म्हणालं. आपल्याकडे मेलेल्याला दोन्ही ऐकून घ्यावं लागतं.

मुलगा सुनील पुण्याहून आला. बापाकडे बघण्याआधी तो भागूबाईकडे गेला आणि सगळ्यांदेखत त्याने तिच्या थोबाडीत ठेवून दिली.

"मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलंस त्यांना! हिला आत टाका मॅडम!"

सहायक निरीक्षक इन्शा शेख यांनी त्याचा हात धरून त्याला मागे सारलं. भागूबाईने गालाला हातही लावला नाही.

"मला न्या बाई," ती म्हणाली. "मीच वढलं शटर."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या भिंगारने निकाल देऊन टाकला होता. म्हाताऱ्याला उकाड्यात कोंडलं, हृदय बंद पडलं, दोष भागूबाईचा. ती एकटी बाई, दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला सांभाळून पोट भरणारी. हलगर्जीपणाचा गुन्हा लागला असता तर ती तुरुंगात गेली असती, आणि सुटून आल्यावरही तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

इन्शाला एकच गोष्ट खटकत होती. उकाड्याने मेलेल्या माणसाचे गाल असे गुलाबी नसतात.

तिने भागूबाईला ठाण्यात समोर बसवलं, पाणी दिलं.

"शटर रोज पूर्ण बंद असायचं?"

"आधी व्हय. साहेब रस्त्यावर पळायचे ना. पन तवा मी बी आतच बसायचे, स्टुलावर. गाडीत न्हाई. फुडची सीट बाईसाहेबांची, तिथं कुनाला बसू देत न्हवते. गाडी बंदच हुती. साहेब तोंडानंच पों-पों करायचे."

"मग बाहेर कधीपासून बसायला लागलात?"

"वाढदिवसाला साहेबांच्या लेकीनं, ज्योतीताईंनी, गाडी चालू करून दिली, तवापासनं. ताई म्हनल्या, तू आता भायेर बसत जा, बाबांना एकट्याला मजा घिऊ दे. शटर अर्धं ठिवायचे मी. काल ताईंचा फोन आला. म्हनल्या, शेजारी आवाजानं वैतागल्यात, पार खाली वढून घे."

"जाताना काकासाहेब काही बोलले?"

"रोजच्यावानीच. शाळा सुटायची येळ झाली, आलोच म्हनले."

विस्मरण झालेल्या म्हाताऱ्याची बडबड, असं समजून इन्शाने ते सोडून दिलं. तिथे ती चुकली.

समोरच्या किराणा दुकानदाराला तिने विचारलं, "आवाजाची तक्रार तुम्ही केली होती?"

"तक्रार? अहो मॅडम, आम्ही गिऱ्हाइकांना थांबवून ऐकवायचो. असा आवाज आता कुठंय?"

बाकीच्या घरांतूनही तेच उत्तर आलं.

मग ती शेडमध्ये गेली. पांढरी फियाट, बॉनेटवर झेंडूची सुकलेली माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. गाडी विटांच्या चार ढिगांवर चढवलेली होती. टायर जमिनीपासून वीतभर वर, आणि प्रत्येकाखाली एकेक लिंबू, अखंड. मागच्या भिंतीतल्या खिडकीवर प्लायवुड ठोकलेलं, खिळे नवेकोरे. गाडीच्या मागच्या सीटवर धूळ नव्हती. तिथे एक पिवळं फडकं नीट घडी करून ठेवलेलं होतं.

मुलगी ज्योती दोन गल्ल्या सोडून राहायची. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. तीन वर्षं बापाचं सगळं तिनेच केलं होतं. तिने मोबाईलवर वाढदिवसाचा व्हिडिओ दाखवला. ती टायरखाली लिंबं ठेवते आहे, नारळ फोडते आहे, बापाच्या हातात किल्ली देते आहे. इंजिन सुरू होतं आणि म्हातारा लहान मुलासारखा हसतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर हे पाहून सगळे रडले होते. लेक असावी तर अशी, असं सगळ्यांनी लिहिलं होतं.

"गाडी विटांवर का, ज्योतीताई?"

"नाहीतर बाबा खरंच रस्त्यावर काढतील हो. त्यांना फक्त आवाज ऐकायला मिळावा, एवढंच वाटलं मला."

"आणि ती खिडकी?"

"मांजर येऊन सीटवर पिल्लं घालत होतं."

"शेजाऱ्यांपैकी तक्रार कुणी केली?"

"कुणीतरी वाटेत म्हणालं. नाव लक्षात नाही आता."

उत्तरं सरळ होती. एवढ्या दुःखी बाईला आपण टोचतोय याची इन्शाला थोडी लाजही वाटली.

सुनीलला टोचायची लाज कुणालाच वाटली नसती. "मी तर कधीचं म्हणतोय, तो डबा भंगारात घाला आणि प्लॉट विकून टाका," तो म्हणाला.

"वडिलांना शेवटचं कधी भेटलात?"

"दिवाळीला." तो थांबला. "मागच्या नाही, त्याच्या आधीच्या. पण फोन करायचो मी."

बापावरचं प्रेम त्याला पुण्यात बसून छान जमत होतं. दुरून डोंगर साजरे.

फियाट दुरुस्त करणाऱ्या गनीभाईंचं गॅरेज नगरच्या वाटेवर होतं. इन्शाला पाहताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि तो उगाच पुन्हा उचलला.

"म्हस्क्यांच्या गाडीचं काय काय काम केलंत?"

"इंजिन केलं, कार्बोरेटर, बॅटरी, हॉर्न."

"ब्रेक?"

"ब्रेक नको म्हणाल्या ताई. गाडी फिरवायचीच नव्हती ना."

"सायलेन्सर?"

गनीभाईंनी नजर चुकवली. "नवा आणला होता मी. तो बघा, कोपऱ्यात पडलाय. जुना पार कुजलेला. पण ताई म्हणाल्या, नको गनीभाई, बाबांना जुना आवाज आवडतो."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"गिऱ्हाईक नको म्हणतं तिथं मी कशाला तोंड घालू, मॅडम?"

इन्शाने तो नवा सायलेन्सर हाताने चाचपून पाहिला. तिला अब्बांची पहिली गाडी आठवली. जुनी मारुती होती, पण घरात पालखी आल्यासारखा आनंद झाला होता. पहिल्या पावसाळ्यात सगळे पुण्याला निघाले, काचा बंद करून. सुप्याजवळ अम्मीचं डोकं दुखायला लागलं, इन्शाला उलटी झाली, धाकटा भाऊ तर झोपेतून उठेना. अब्बांनी गाडी थांबवली आणि सगळ्यांना ओढून बाहेर चिखलात बसवलं. सायलेन्सर फुटला होता आणि धूर सीटखालून आत येत होता. अब्बांनी घरचा टेपरेकॉर्डर विकला आणि आधी सायलेन्सर बदलला. त्या गाडीची आठवण निघाली की अजूनही सगळे हसायचे, फक्त अब्बा हसायचे नाहीत.

संध्याकाळी जिल्हा रुग्णालयातून शवविच्छेदनाचा अहवाल आला. इन्शाने तो वाचून टेबलाच्या खणात ठेवला. "हृदय बंद पडलं" हा लोकांचा समज तिने मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ज्योती, सुनील, भागूबाई आणि गनीभाई. बाहेर हवालदार अंगद उभा होता.

"काकासाहेब किती वेळ आत होते, आवाज बाहेर किती जात होता, हे बघायचंय," ती म्हणाली. "सुनीलराव, तुम्ही वडिलांच्या जागी बसा. भागूबाई, तुम्ही मागे बसा. अंगद, शटर खाली."

सुनील कुरकुरत स्टिअरिंगमागे बसला. ज्योती शटरपाशीच उभी राहिली. गनीभाईंनी पेट्रोल घातलं. सुनीलने किल्ली फिरवली आणि फियाट खोकून सुरू झाली. अंधारात धूर दिसत नव्हता, पण वास आला.

"पुरे झालं," ज्योती म्हणाली.

"थोडा वेळ थांबूया."

"शटर उघडा."

"का हो ताई?"

"मला गुदमरतंय. शटर उघडा! उघडा म्हणते ना!" ती दोन्ही मुठींनी पत्र्यावर मारायला लागली. "माणूस मरतो या धुराने!"

इन्शाने हात गाडीत घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. शटर वर गेलं.

"कुणी मरणार नव्हतं," ती म्हणाली. "मागची खिडकी मी सकाळीच उघडवलीय, फक्त वर पोतं टाकलंय. पण धुराने मरतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? सगळं गाव हृदय बंद पडलं म्हणतंय. धुराच्या विषाने मृत्यू, असं लिहिलेला अहवाल माझ्या खणात आहे. गाल त्यानेच गुलाबी झाले होते."

"तेवढं कुणालाही कळतं," ज्योती म्हणाली.

"तुमच्या भावाला कळलं नाही. भागूबाईला कळलं नाही. दोघं गाडीत बसले होते, तुम्ही बाहेर होता. तुम्ही ओरडलात ते स्वतःसाठी. सुनील, उतर, असं एकदाही म्हणाला नाहीत."

सुनील गाडीतून उतरला. बहिणीकडे बघत तो दोन पावलं मागे सरकला.

"गाडी विटांवर ठेवलीत ती काळजीपोटी, असं मीही मानलं होतं," इन्शा म्हणाली. "पण आपण टायरखाली लिंबू ठेवतो ते गाडी त्यावरून पुढे जावी म्हणून. तुमची लिंबं लोंबकळत्या चाकांखाली होती. ती गाडीसाठी नव्हती, व्हिडिओसाठी होती. गाडी जाणार नव्हती, फक्त धूर काढणार होती. इंजिन नवं, सायलेन्सर मुद्दाम कुजका. खिडकी बंद. जी बाई रोज आत बसायची तिला आधी बाहेर काढलंत, कारण दोन प्रेतं निघाली असती तर लोकांनी प्रश्न विचारले असते. काही दिवस शटर अर्धं ठेवू दिलंत, म्हणजे सगळ्यांना सवय झाली. आणि मग कुणी न केलेल्या तक्रारीचं निमित्त काढून फोन केलात. किल्ली बाबांनीच फिरवली. शटर हिनेच ओढलं. तुम्ही घरी बसून होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं."

"प्लॉटसाठी?" सुनील म्हणाला. "अगं, मागितला असतास तर..."

"तर काय? दिला असतास?" ज्योती एकदम फिरली. रडवेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तीन वर्षं त्यांचं हगमूत काढलं मी. तू फोन करायचास! आणि ते मला काय म्हणायचे माहितीय? बाई, तुम्ही कोण, आमच्या घरात काय करताय? गाडीला ओळखायचे. मला नाही. रोज त्या गाडीत बसून पुण्याला जायचे. पहिली गाडी आणली त्या दिवशीची फेरी. पुढे आई, मागे सुनील. रोज तीच फेरी! मी तेव्हा जन्मलेच नव्हते. त्यांच्या डोक्यात मी कधी जन्मलेच नाही."

सुनील खुनी नव्हता, पण त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं तेवढंच होतं.

भागूबाई अजून मागच्या सीटवरच बसली होती. तिने घडी केलेलं फडकं मांडीवर घेतलं.

"ताई," ती म्हणाली, "साहेब पुन्याला जात न्हवते आता."

"काय?"

"आधी जायचे. तुमी गाडी चालू करून दिली, तवापासनं न्हाई. इंजिनाचा आवाज आला की पार बदलायचे. म्हनायचे, शाळा सुटायची येळ झाली, ज्योती फाटकात उभी आसंल. आधी उतरून ही मागची सीट पुसायचे. लेकीचा फ्राक मळंल म्हनायचे."

"खोटं बोलतेस तू."

"खोटं कशाला बोलू वो? मला वाटलं, तुमाला सांगावं, पन तुमी यायचा तवा गाडी बंद आसायची, आन गाडी बंद झाली की सगळं इसरायचे. त्या दिवशी बी तुमालाच आनाया निघाले हुते."

इन्शाला भागूबाईचे ते शब्द आठवले, ठाण्यात ऐकलेले आणि सोडून दिलेले. हे आत्ता सांगायची गरज नव्हती, असं तिला वाटून गेलं. पण भागूबाईने ते सूड म्हणून सांगितलं नव्हतं. तिला खरंच वाटलं होतं की लेकीला बरं वाटेल.

अंगदने ज्योतीचा दंड धरला. ती चालेना. फियाटच्या मागच्या दाराला हात लावून ती आत बघत उभी राहिली. भागूबाई जागा सोडून उतरली, सवयीने सीट पुसली आणि फडक्याची घडी करून ते परत जागेवर ठेवलं.