धुराड्यातला बूट

सांगायची लाज वाटते, पण सुरुवात पोझीच्या साध्या सर्दीपासून झाली.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं आमचं घर अडीचशे वर्षांचं, चार मजली, संरक्षित यादीतलं. खिळा ठोकायचा तरी परवानगी हवी. वरच्या खोलीत माझी आठ महिन्यांची पोझी झोपायची आणि तिथल्या बंद फायरप्लेसमधून गार वारा यायचा. अर्ज, नकाशे, तीन महिने वाट... मी गुपचूप गवंडी बोलावला. पुस्तकं वाचून आई झालेली मी, दम धरवला नाही.

म्हातारे गवंडी पास्क धुराड्यात वाकले आणि आतल्या कोनाड्यातून त्यांनी एक चिमुकला चामडी बूट काढला.

"राहू दे तिथंच, पोरी. जुनी माणसं मुद्दाम ठेवायची. धुराड्यातून जे उतरतं ते बुटावर भागवतं, पोराला सोडतं."

"तुमच्या चहात मी काय घातलं होतं?"

"हस, हस. साखर मात्र कमीच होती."

दोनशे वर्षांची बुरशी माझ्या लेकीच्या उशाशी? बूट मी कचऱ्यात टाकला. पास्कनी फळी ठोकून, वर गिलावा करून तोंड बुजवलं.

आठवड्यानं, भर दुपारी, जुन्या घरांची पाहणी करणाऱ्या लव्हिबाँडबाई आल्या.

"हे केव्हा बुजवलं?"

"आम्ही आलो तेव्हा... होतंच."

माझे कान तापले. बाईंनी गिलाव्यावर बोटानं ठोकलं. आतून पावलं वाजली. बारीक, एकाच पायात बूट असल्यासारखी. टक्... थप. टक्... थप.

"शेजाऱ्यांचं मूल वाटतं?"

"हो," मी म्हणाले. शेजारचं घर दोन वर्षं रिकामं आहे.

पोझी माझ्या कडेवर होती. तिच्या डाव्या पायात बूट नव्हता.

बाई गेल्यावर मी हातोडी घेतली. गिलावा फुटला, फळी निघाली. कोनाड्यात पोझीचा बूट होता, काजळीनं माखलेला, तळ झिजून भोक पडलेला. पोझी अजून उभीही राहत नाही.

तो मी तिथंच ठेवला आणि फळी पुन्हा ठोकली. बाईंना फोन करायला हवा होता. काय सांगणार होते?

पोझीला आता खाली आमच्या खोलीत झोपवते. दाराशी तिचे नवे बूट असतात, एक माप मोठे. आज दुपारी ते दिसले नाहीत. वरून मात्र चालणं ऐकू येतंय.

टक्... टक्. दोन्ही पायांनी.

पाळण्यात पांघरूण नीट आहे. ते उचलायचा धीर होत नाही...