उसासे टाकणारा ट्रक

“आजही चिरडलं!”

श्रावण ट्रकच्या पुढच्या चाकापाशी वाकला आणि दचकून मागे सरला. सकाळी गावकऱ्यांनी चाकापुढे वीतभर अंतरावर ठेवलेलं लिंबू टायरखाली चपटं झालं होतं!

“कोणी चालवला असेल,” कोकिळा म्हणाली.

“अवं, किल्ली बाबाच्या खिशात हाय! अन् चालवला असता त आवाज नसता आला काय?”

“आवाज येते,” सखू हळूच म्हणाली. “पण इंजिनचा नाई. माणूस उसासा टाकते ना, तसा. म्या सोता आयकला.”

भर उन्हात कोकिळेच्या अंगावर काटा आला.

१९७३चा उन्हाळा होता. सातवीची परीक्षा संपताच कोकिळा वर्ध्याहून रोहण्याला काकांकडे आली होती. श्रावण तिचा चुलतभाऊ. त्याचे वडील, म्हणजे रूपरावकाका, यांनी लष्कराचा जुना ट्रक लिलावात घेतला होता. हिरवा रंग विटला होता, तरी दारावरचा पांढरा आकडा अजून वाचता येई. काका त्याची म्हाताऱ्या बैलासारखी निगा राखत. वंगण घालत, गळक्या नळ्यांना चिंध्या बांधत. सुटे भाग मात्र कुठेच मिळत नसत. त्यासाठी नागपूरच्या भंगार बाजारात खेटे घालावे लागत.

यंदा विहिरी आटल्या होत्या. काकांच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. सकाळी ट्रकवर ड्रम भरले जात आणि ऊन उतरलं की ट्रक डोंगराखालच्या टोलीवर, छोट्या वस्तीवर, पाणी घेऊन जाई. सखू त्याच टोलीवरची. तोवर ट्रक विहिरीजवळच्या उतारावर उभा असे, कारण बॅटरी कमजोर होती. उतारावर सोडला की आपोआप सुरू होई.

“याच्यात शिपाई मेला हाय,” ड्रायव्हर तानबा डोळे मोठे करून सांगे. “दुपारच्याले तो पाय पसरते!”

शेवटी गावातले वडीलधारे बापूजी म्हणाले, “रूपराव, अवसेच्या आत ही बला गावाबाहेर काढ.” काकांनी मान खाली घातली. ट्रक भंगारात जाणार हे ठरलं.

“मंग आमाले पाणी कोन आनून देईन?” सखूने विचारलं.

“आपण छडा लावू!” कोकिळा म्हणाली. “उद्या दुपारी ट्रकमध्येच बसायचं!”

“तू बस,” श्रावण म्हणाला. “मी... मी बी येतो. पण मधात बसीन!”

दुसऱ्या दिवशी सगळं गाव दारं लावून निजलं होतं. कावळेसुद्धा चोची वासून गप्प बसले होते. उताराच्या पायथ्याशी कडुनिंबाखाली तानबा घोरत होता. तिघं ट्रकमध्ये चढली, कोकिळा स्टेअरिंगपुढे बसली. आत जुन्या ताडपत्रीचा आणि तेलाचा वास कोंडला होता. समोरच्या पत्र्यावर कुणा जवानाने खिळ्याने नाव कोरलं होतं. अर्धं पुसलेलं.

“वाचू नको!” श्रावण कुजबुजला.

तेवढ्यात पायांखालून आवाज आला.

हुऽऽस्स...

गिअरचा दांडा कोकिळेच्या हाताखाली थरथरला. ट्रक सरकला, आणि थांबला. पुन्हा सगळं चिडीचूप. श्रावणने सखूचा हात घट्ट धरला. मग पुन्हा, अगदी सावकाश... हुऽऽस्स...

कोकिळेला पळावंसं वाटत होतं. पण तिने वाकून पाहिलं. हँडब्रेकचा दांडा खिळखिळा होता आणि सीटच्या पायाला तारेने बांधलेला!

“श्रावण! तानबाकाका गिअर टाकूनच ट्रक उभा करतात ना?”

“हो. काऊन?”

“अरे, हा ब्रेक धरतच नाही! एवढे भरलेले ड्रम, एवढा ट्रक, सगळा नुसत्या इंजिनवर अडलाय! सायकलच्या पंपाचं तोंड दाबून दांडा रेटला की हवा हळूहळू निसटते ना? तसंच आहे हे. इंजिन जुनं, आतली हवा गळते, आणि ट्रक सरकतो!”

“मंग दुपारच्यालेच काऊन?”

“दुपारच्यालेच नाई!” सखू ओरडली. “दिवसभर होत असंन! दुपारी गाव गप्प राह्यते, म्हणून आयकू येते!”

खट्!

गिअर निसटला. ट्रक सुटला!

“तानबा झोपला हाय खाली!” श्रावण किंचाळला.

“तानबाकाका, उठा! उठा!” सखू खिडकीतून जीव तोडून ओरडू लागली. तानबाने डोळे उघडले. ट्रक अंगावर येत होता आणि काचेमागे ड्रायव्हरच नव्हता! तो जागीच थिजला.

कोकिळेचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. “पऱ्हाटीकडे वळव!” श्रावण ओरडला. बाजूला कपाशीच्या वाळक्या काड्यांची, पऱ्हाटीची, भली मोठी गंजी होती. दोघांनी स्टेअरिंगला लोंबकळून ते ओढलं. ते हलेना... हलेना... मग एकदम फिरलं! कडाकडा काड्या मोडत ट्रक गंजीत घुसला आणि थांबला.

झाडामागे दडलेल्या तानबाचा रडका आवाज आला, “माफ करजो, शिपाईदादा!”

“शिपाई नोहोय, मी सखू होय!”

गाव धावत आलं. कोकिळेने ती तार दाखवली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“दात झिजले होते ब्रेकच्या दांड्याचे,” तानबा पुटपुटला. “तुमाले सांगतलं, तुमी म्हनले नागपूरच्या पुढच्या खेपेले नवा आनू. मंग म्या तार बांधली. ट्रक सरकून राह्यला त मले वाटलं, शिपाईच असंन.”

“चूक माहीच,” काका म्हणाले. “दिवाळीपासून पुढची खेप, पुढची खेप करून राह्यलो.”

बापूजींनी कपाळावर हात मारला. “आमी लिंबं ठेवत बसलो! चाकाले एक गोटा लावाचं कोनाले सुचलं नाई! पोरंहो, आज एका माणसाचा जीव वाचवला तुमी. आमच्यापेक्षा शहाणे निघाले!” त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. ट्रक भंगारात देण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

काही ड्रम सांडले होते, बाकीचे शाबूत होते. संध्याकाळी गावाने धक्का देऊन ट्रक सुरू केला आणि काका स्वतः तो घेऊन टोलीवर गेले. मुलं शेजारी बसली होती. चाकांना लावायला मोठाले गोटे बरोबर होते, आणि नागपूरची खेप उद्याच करायची ठरली होती.

टोलीच्या तोंडाशी बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. सगळी हकीकत ऐकून सखूची आजी रामबाई पुढे आली. तिने गडव्यात पाणी घेतलं.

“थांबा गं बायांनो,” ती म्हणाली. “आधी या लेकरायले पाजू द्या. आजचं पाणी यायनं आनलं.”

पाणी कोमट होतं आणि त्याला ड्रमचा वास येत होता. तिघांनी ते घटाघटा पिऊन टाकलं.